डोक्यावरचा छज्जा

यंदाच्या अंकाचा विषय ‘परत येणाऱ्या गोष्टी’ असा ठरला आणि संपादकांनी फोनवर एकच प्रश्न टाकला : पुरुषांच्या डोक्यावर कडेची हॅट पुन्हा येईल का? पुढे म्हणाले, मुंबई-पुण्यात शोधू नका, हैदराबादेत जाऊन बघा. मे महिन्यात गेले. हॅट बघायला उन्हाळ्यातच जायला हवं, एवढं मला कळत होतं. हैदराबादच का, ते मात्र तिथल्या एका टोपीच्या दुकानात उभी राहिले तेव्हा उमगलं. पाऊणशे वर्षांपूर्वी या शहरात सभ्य माणूस उघड्या डोक्यानं घराबाहेर पडत नसे. दरबारात दस्तार, कचेरीत रूमी टोपी, बाजारात रुमाल, छावणीत हॅट. कोण कुठला, कुणाच्या चाकरीत, कुठल्या धर्माचा, हे सगळं डोक्यावर वाचता येई. आज त्याच रस्त्यावर हजारो डोकी उघडी आहेत, आणि जी झाकलेली आहेत त्यांतली बहुतेक हेल्मेटात.

पत्थरगट्टीच्या कमानींखाली

मदिना चौकातून चारमिनारकडे निघालं की दोन्ही बाजूंना दगडी कमानी लागतात. मुसीच्या १९०८ सालच्या महापुरानंतर शहर नव्यानं आखलं गेलं, त्यातली ही पत्थरगट्टी. कमानींखाली शेरवानीची दुकानं, अत्तराची, मोत्यांची, आणि अधूनमधून एखादं टोपीचं. मी शिरले त्या दुकानाची रुंदी दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढीच. विणलेल्या पांढऱ्या टोप्यांच्या चळती छतापर्यंत. मागच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत, लालभडक आणि काळपट तांबड्या रूमी टोप्या, काळा फुंदना एका बाजूला झुकलेला.

दुकानदार साठीचे. मी रूमी टोपी कशी बनते विचारलं तर त्यांनी काउंटरखालून पितळेचा साचा काढून पुढ्यात ठेवला. उलट्या बादलीसारखा, हाताला जड. आत ताठ अस्तर, बाहेर नमदा किंवा मखमल, आणि तापवलेल्या साच्यावर दाब देऊन आकार पक्का करायचा. ओलसर हवेत टोपी ढिली पडते, मग पुन्हा साच्यावर चढवावी लागते. पूर्वी लोक खास त्यासाठी दुकानात यायचे, कपड्यांना इस्त्री करून घ्यावी तशी टोपीला करून घ्यायचे. आता कोण येतं, या माझ्या प्रश्नावर म्हणाले, “शादी में दो घंटे पहेनते साब लोगां, फोटू होने तक. बस.”

मग मी माझा खरा प्रश्न विचारला. कडेची टोपी ठेवता का? त्यांना ‘कड’ कळेना, मी बोटानं कपाळापुढं वर्तुळ काढून दाखवलं. “अच्छा, छज्जेवाली!” ते म्हणाले. “वो इधर कौन लेते अम्मा? सजदे में आड आती ना.”

एका वाक्यात त्यांनी मला हजारो मैलांचा इतिहास सांगितला. नमाजात कपाळ जमिनीला टेकायला हवं. पुढं छज्जा आला की कपाळ टेकत नाही. म्हणून मोरोक्कोपासून दख्खनपर्यंत मुसलमानी मुलखात ज्या टोप्या रुजल्या त्या बिनकडेच्या. आपल्याकडंही पगडी, फेटा, पागोटं, मुंडासं, कशालाच पुढं कड नाही. ऊन आपण कापडाच्या थरांनी अडवलं, सावली पाडून नाही. सावली पाडणं हे घराचं काम, छज्ज्याचं, ओसरीचं. डोक्यावर छज्जा घेऊन हिंडणारा माणूस या मुलखात आला तो समुद्रातून.

टोपीकर

मराठीनं त्याला नाव दिलं टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) यांच्याविषयी सावधगिरीचं प्रकरण आहे : हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत, यांना जागा देताना विचार करावा. त्या काळच्या कागदांत या सगळ्यांना मिळून जो शब्द येतो तो टोपीकर. इतक्या जातींचे, इतक्या भाषांचे लोक, आणि आपण त्यांना ओळखलं ते डोक्यावरच्या वस्तूवरून. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. कडेची हॅट आपल्याकडं कधीच नुसती टोपी का नव्हती, ते त्या एका शब्दात आहे. ती घालणारा ‘तो’ असे, ‘आपण’ नसू.

हैदराबादेत टोपीकर फार लवकर आत आले. ११ मार्च १७९५ला खर्ड्याला मराठे निजामाशी लढले तेव्हा निजामाच्या बाजूला मिशेल रेमंड या फ्रेंचाच्या कवायती पलटणी होत्या, आणि शिंद्यांच्या फौजेतही फ्रेंच सरदार होते. समोरासमोर दख्खनी फौजा, आणि दोन्हीकडं टोपीकर. हा रेमंड १७९८ साली वारला. शहराच्या पूर्वेला त्याची समाधी आहे आणि मूसारामबाग या वस्तीचं नाव त्याच्याच नावाशी जोडलं जातं. त्याच सुमारास इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आलेल्या जेम्स कर्कपॅट्रिकनं उलटं केलं. हॅट उतरवली, हैदराबादी पोशाख चढवला, खैरुन्निसा या इथल्या खानदानी मुलीशी लग्न केलं. त्यानं बांधवलेली कोठीची रेसिडेन्सी आज मुलींच्या विद्यापीठात आहे. तिथल्या उंच खांबांपुढच्या पायऱ्यांवर मी बसले तेव्हा मुली ओढण्या डोक्यावरून पुढं ओढून, त्यांचाच छज्जा करून वर्गाकडं पळत होत्या.

कर्कपॅट्रिकसारखे अपवाद थोडे. १८०६ साली सिकंदराबादची छावणी वसली आणि पुढं तिथं सोला हॅटचं राज्य आलं. ‘सोला’ म्हणजे इंग्रजीतला सूर्य असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. बंगालच्या दलदलीत शोला नावाची पाणवनस्पती उगवते, तिचा आतला गर पांढरा, हलका, हवेनं भरलेला. त्याच गराची बाशिंगं, लग्नातले मुकुट आणि देवांची सजावट बंगालात होते. त्याचे थर साच्यावर चिकटवून वर खाकी कापड लावलं की सोला हॅट. डोकं आणि टोपी यांच्यामध्ये पट्टीनं थोडी पोकळी राखलेली, माथ्यावर हवेला वाट. उष्णता अडवण्याची ही युक्ती खरोखर उत्तम होती. रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, त्या काळात हिंदुस्थानच्या उन्हात हॅटशिवाय गेलं तर गोरा माणूस हमखास मरतो असं डॉक्टरच सांगत. दुसऱ्या महायुद्धात सैनिक तिच्याशिवाय हिंडू लागले आणि कुणी मेलं नाही. मग ती झपाट्यानं गेली. पण तोवर आपल्याकडचे ओव्हरसियर, सिव्हिल सर्जन, जंगलखात्याचे अंमलदार दौऱ्यावर तीच घालू लागले होते. जुन्या मराठी घरांच्या भिंतीवर असा एखादा फोटो असतोच : धोतराच्या पिढीतला एकटा माणूस हाफ पँट आणि सोला हॅटमध्ये, घरातल्यांपेक्षा थोडा दूर उभा.

रूममध्ये गुन्हा, दख्खनेत अदब

रूमी टोपीची गोष्ट मी लहानपणापासून अर्धीच ऐकली होती. रूम म्हणजे तुर्कस्तान. तिथला सुलतान दुसरा महमूद यानं एकोणिसाव्या शतकात पागोटी काढून अंमलदारांना ही टोपी दिली, ती सुधारणेची खूण म्हणून. माल पुष्कळसा बोहेमियातल्या गिरण्यांतून येई. शंभर वर्षांच्या आत तीच टोपी जुनाटपणाची खूण ठरली. १९२५च्या ऑगस्टात तुर्कस्तानचा अध्यक्ष केमाल पाशा कास्तामोनू गावात पनामा हॅट घालून लोकांपुढं आला आणि नोव्हेंबरात कायदाच झाला : पुरुषांनी हॅट घालायची. विरोध करणाऱ्यांना फाशीसुद्धा झाली. छज्जा आला, कपाळ जमिनीला टेकणं अवघड झालं, आणि नेमकं तेच राज्यकर्त्याला हवं आहे असं लोकांनी धरलं. टोपीची कड इतकी जीवघेणी दुसरीकडं कुठं झाल्याचं मला आठवत नाही.

इकडं हैदराबादेत काहीच बदललं नाही. तुर्कस्तानातली खिलाफत १९२४ साली बरखास्त झाली होती. पदच्युत खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ साली नीस शहरात निजामाच्या थोरल्या मुलाशी लग्न करून इथं सून म्हणून आली. तिच्या माहेरी जी टोपी घालणं गुन्हा होता ती सासरी दफ्तरातला शिपाईही घालत होता. खुद्द सातवा निजाम मीर उस्मान अली खान जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गाजला, आणि एकच विटकी रूमी टोपी वर्षानुवर्षं वापरण्यासाठीही. शेरवानी आणि टोपी हा राजधानीचा पोशाख होता, एका धर्माचा नव्हे. तेलुगू वकील, कायस्थ मुन्शी, मराठवाड्यातून शिकायला आलेला ब्राह्मणाचा पोर, सगळे त्यात.

खुंटीवरून ट्रंकेत

इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ सालचं. आमच्यासारख्या हैदराबादकडं वळणाऱ्या मराठी माणसांची पावलं तिकडं आपोआप जातात. तिथं वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका काकांना मी विषय सांगितला. वय पंच्याऐंशीच्या पुढं, मराठीत मधूनच ‘हौ’ आणि ‘नक्को’. त्यांचे वडील निजाम सरकारच्या एका दफ्तरात कारकून.

“आमच्या दारामागं तीन खुंट्या होत्या,” काका म्हणाले. “एकीवर वडिलांची रूमी टोपी, दुसरीवर आजोबांची काळी टोपी, तिसरीवर छत्री. माझा चुलता गांधी टोपी घाली, पण ती तो खिशात ठेवी. बाहेर पडल्यावर घालायची, गल्लीत शिरताना काढायची.”

गांधी टोपी खिशात का, हे मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९३८च्या ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसचा निजामाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, संघटनेवर बंदी होती. डोक्यावर पांढरी टोपी चढवणं म्हणजेच सत्याग्रह.

“मग अॅक्शन झाली,” काका म्हणाले. १९४८च्या सप्टेंबरात भारतीय फौजेनं निजामाच्या संस्थानात केलेल्या पोलीस कारवाईला इथले जुने लोक नुसतं अॅक्शन म्हणतात. “चार दिवसांत सगळं पालटलं. वडिलांनी टोपी खुंटीवरून काढली आणि ट्रंकेत ठेवली. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसांत डोक्यावर काय आहे ते बघून माणूस ठरत होता. नंतर ते उघड्या डोक्यानंच दफ्तरात जायला लागले. पहिले काही दिवस सारखा हात डोक्याला जायचा त्यांचा.”

तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. टोप्या का गेल्या याची पाश्चात्त्य कारणं आपण नेहमी ऐकतो : मोटारींची छपरं बुटकी झाली, केस मिरवायची फॅशन आली, अध्यक्ष केनेडींनी हॅट टाकली वगैरे. (केनेडींनी २० जानेवारी १९६१ला शपथविधीला चांगली उंच रेशमी हॅट आणली होती, आणि अमेरिकेत हॅटचा खप त्याच्या पुष्कळ आधी घसरला होता.) हैदराबादेत मला वेगळं दिसलं. इथं डोकं उघडं पडलं ते माणसाला आपली ओळख सांगायची भीती वाटली म्हणून, आणि पुढच्या पिढीला ती सांगायची गरज वाटली नाही म्हणून. उघडं डोकं ही या शहरानं स्वीकारलेली तडजोड आहे, आणि मला ती वाईट वाटत नाही.

बाबासाहेबांची हॅट

हैदराबादच्या हुसेनसागर तलावाच्या काठी बाबासाहेब आंबेडकरांचा १२५ फुटी पुतळा १४ एप्रिल २०२३ला उभा राहिला. तो घडवला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांनी. बाबासाहेब उघड्या डोक्यानं उभे आहेत, जवळजवळ सगळ्या पुतळ्यांत असतात तसे. पण त्यांची छायाचित्रं काढून बघा, कितीतरी ठिकाणी डोक्यावर हॅट आहे, कधी फेल्टची, कधी सोल्याची.

ज्या समाजात कुणी कसं पागोटं बांधावं, कुणासमोर डोक्यावरचं उतरवावं हे जातीवर ठरे, तिथं हॅट ही एकच गोष्ट अशी होती जिला जात नव्हती. टोपीकरांची म्हणून ती सगळ्यांनाच परकी, आणि म्हणूनच ती कुणाच्या परवानगीची नव्हती. महाडला १९२७च्या डिसेंबरात त्यांनी बायकांना सांगितलं की अस्पृश्यतेची खूण पटवणारे कपडे-दागिने टाका. स्वतःच्या डोक्याबद्दल त्यांनी हेच केलं असं मी समजते. भगतसिंगांचंही तसंच. केस कापून, फेल्ट हॅट घालून ते लाहोरहून निसटले, १९२९ साली दिल्लीत त्याच हॅटमध्ये फोटो काढून घेतला, आणि वेषांतराची ती वस्तू त्यांचा चेहरा होऊन बसली. उस्मानिया विद्यापीठानं १२ जानेवारी १९५३ला बाबासाहेबांना मानद डॉक्टरेट दिली. रूमी टोप्यांच्या त्या शहरात तोवर टोप्या बहुतेक उतरल्या होत्या.

कृष्णानगरची भाड्याची हॅट

तेलुगू मुलखात कडेच्या हॅटवर लोकांनी जीव टाकला तो पडद्यावर. १९७१ साली अभिनेते कृष्णा यांचा ‘मोसगाळ्लकु मोसगाडु’ आला, घोडे, पिस्तुलं आणि काउबॉय हॅट. हिंदुस्थानातला तो पहिला काउबॉय सिनेमा. १९९०ला चिरंजीवीचा ‘कोदम सिंहम’, २००२ला कृष्णा यांचेच चिरंजीव महेशबाबू ‘टक्करी दोंगा’मध्ये. हैदराबादच्या कृष्णानगरात ज्युनियर आर्टिस्ट राहतात आणि पोशाख भाड्यानं देणारी दुकानं आहेत. तिथं एका दुकानात मला हॅटची अख्खी भिंत दिसली. दुकानातल्या पोरानं एक उलटी करून दाखवली : कडेच्या शिवणीतून तार ओवलेली, हवी तशी वाकवता येते, कॅमेऱ्यापुढं नायकाच्या डोळ्यावर सावली पडायला नको म्हणून पुढची कड थोडी वर उचलतात. म्हणजे ऊन अडवण्यासाठी जन्मलेली कड इथं उजेड आत घेण्यासाठी वळवतात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी हल्ली मुलं या हॅट नेतात, तो म्हणाला, आणि संध्याकाळी परत आणून देतात.

आजची खुंटी

गच्चीबावलीतल्या एका नातेवाइकांकडं उतरले होते. बाराव्या मजल्यावरचा नवा फ्लॅट, दाराशी चपलांचं कपाट, त्यावर दोन हेल्मेटं. मी खुंटी शोधली, नव्हती. हॅट हा एकट्यानं जगणारा प्राणी नाही. तिला खुंटी लागते, ब्रश लागतो, चेपली तर वाफ देऊन आकार आणणारा कारागीर लागतो, पावसात झाकायला पेटी लागते. आपल्याकडं पगडीला पगडबंद होते तसे. ती सगळी सोय मोडली आहे.

आणि हेल्मेट. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमानं दुचाकीवर ते सक्तीचं, आणि ते जीव वाचवतं, त्यावर वाद नाही. हे दुचाकींचं शहर आहे. तीस-चाळीसच्या वेगाला कडेखाली वारा शिरतो आणि हॅट पतंगासारखी उचलली जाते. हेल्मेटखाली ती मावत नाही, डिकीत चेपते, रिक्षाच्या हुडाला आपटते, मेट्रोच्या गर्दीत शेजाऱ्याच्या कानाला लागते. रस्त्याच्या कडेला हेल्मेट मांडून बसलेली माणसं हेच आजचे टोपीवाले. फेल्टची रुबाबदार हॅट हैदराबादेत परत येणार नाही, असं मी संपादकांना त्याच रात्री कळवलं. इथल्या हवेत फेल्ट म्हणजे डोक्यावर घोंगडी.

पण कड येईल, असंही मी लिहिलं, आणि त्याचं कारण दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं.

बारा वाजून बारा मिनिटं

हैदराबाद कर्कवृत्ताच्या बरंच खाली आहे. त्यामुळं वर्षातून दोनदा, ९ मे आणि ३ ऑगस्टच्या सुमारास, सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. ९ मेला मी हुसेनसागराच्या टँक बंडवर होते. आदल्या संध्याकाळी चारमिनारपाशी एका फेरीवाल्याकडून गवती हॅट घेतली होती. चांगली चार बोटं कड, म्हणजे त्वचेचे डॉक्टर सांगतात तेवढी, सात-साडेसात सेंटिमीटर.

सकाळी केबीआर पार्कात फिरणाऱ्यांची डोकी मी बघून आले होते. क्रिकेटच्या टोप्यांत मधूनच कापडी गोल हॅट दिसत होत्या, निवृत्त माणसांच्या आणि विशीतल्या पोरांच्या, मधल्या वयाच्या कुणाच्याच नाहीत. क्रिकेटची टोपी नाकाला सावली देते, कान आणि मान उघडी टाकते. भर उन्हात आठ तास उभ्या असणाऱ्या माणसाला ती पुरत नाही. त्याला छज्जा चारी बाजूंनी हवा.

बारा वाजून बारा मिनिटांनी दिव्याचे खांब बिनसावलीचे झाले. मी खाली बघितलं. माझं अंग सावलीत दिसत नव्हतं, पायांभोवती फक्त हॅटच्या कडेचं एक काळं वर्तुळ होतं आणि मी त्याच्या मधोमध उभी. शेजारी ताडमुंजं, म्हणजे आपले ताडगोळे, विकणारा बसला होता, डोक्याला ओला गमछा गुंडाळून. तोही ते वर्तुळ बघत होता.

“कितने की लिए?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं हात पुढं केला, मी हॅट दिली. त्यानं ती गमछ्यावरच चढवली, उजवीकडं मान वळवली, डावीकडं वळवली, मग खाली वाकून एक मुंजं सोललं. तलावावरून वाऱ्याची झुळूक आली तशी त्यानं डाव्या हातानं कड दाबून धरली, आणि सुरी तशीच हातात राहिली.

“दोनों हाथां का काम है मेरा,” हॅट परत देत तो म्हणाला. “डोरी लगाओ इसको, गले के नीचे से. फिर मैं भी लेतुं.”

संध्याकाळी मी पुन्हा पत्थरगट्टीत गेले. टोपीवाल्या काकांनी हॅट उलटसुलट करून बघितली, कानांच्या बाजूला कडेला दोन भोकं पाडली आणि फुंदन्यासाठी ठेवलेल्या रिळावरची काळी रेशमी दोरी ओवून दिली.